लायब्ररीच्या कार्डावर पेपरचं डिजिटल सबस्क्रिप्शन : माझा रिव्ह्यू

युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने पेपरांचं डिजिटल सबस्क्रिप्शन घेऊन ठेवलेलं असतं आणि ते आपल्याला फुकट वापरता येतं, हे आपल्याकडे बऱ्याच मुलांना माहीतच नसतं. फुकट म्हणजे खरं तर फुकट नाहीच, लायब्ररी फी आपण भरतोच ना, मग वापरलं काय नि नाही वापरलं काय, पैसे गेलेलेच असतात. आणि तरी रोज क्लासच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणीतरी परदेशी पेपरची लिंक टाकतं आणि खाली मेसेज, "फुल आर्टिकल कोणाकडे आहे का प्लीज, पेवॉल येतेय" (म्हणजे पैसे भरल्याशिवाय पुढचं वाचता येत नाहीये). म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. मी मुंबईतल्याच एका विद्यापीठात इतिहासात एमए करतेय, प्रबंधाचा विषय ८२ चा गिरणी संप, आणि त्यामुळे गेले बरेच महिने ही सर्व्हिस जवळपास रोज वापरतेय. विद्यापीठाचं नाव आणि ज्या पेपरच्या पासने डोकं खाल्लं त्याचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि मला कोणाला बदनाम करायचं नाहीये, सुधारणा व्हावी एवढंच वाटतं.

आधी एक गोंधळ मिटवते. "लायब्ररीत पेपर ऑनलाइन मिळतो" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकच समजून चालतात. एक म्हणजे ग्रुप पास, म्हणजे न्यूयॉर्क टाइम्स, फायनान्शियल टाइम्स, वॉल स्ट्रीट जर्नल वगैरे पेपर संस्थेला एकगठ्ठा सबस्क्रिप्शन विकतात आणि त्यावर तुम्ही तुमचं स्वतःचं अकाउंट उघडून पेपरची नेहमीची वेबसाइट नि अ‍ॅप वापरता. दुसरं प्रेसरीडरसारखं, जिथे आजचा छापील अंक जसाच्या तसा पानापानांनी दिसतो, हिंदुस्तान टाइम्सपासून पार कुठल्या कुठल्या देशांतले पेपर. आणि तिसरं जुन्या अंकांचं अर्काइव्ह. प्रत्येक लायब्ररीत तिन्ही असतीलच असं नाही, आपल्याकडे काय आहे ते लायब्ररीच्या ई-रिसोर्सेसच्या पानावर बघायचं नाहीतर सरळ काउंटरवर विचारायचं. तिन्हींचं लॉगिन वेगळं, नियम वेगळे, त्यामुळे एकात जे चाललं ते दुसऱ्यात चालेल असं धरून बसू नका.

ग्रुप पास चालू झाला की झकास आहे, यात वाद नाही. वेबसाइट जाहिरातीत दाखवतात तशीच चालते, अ‍ॅपमध्ये लेख सेव्ह करता येतात, न्यूजलेटर येतात, लोकलमध्ये चढायच्या आधी चार लेख उघडून ठेवले की दादर ते ठाणे वाचून होतात. रजिस्ट्रेशन संस्थेच्या मेल आयडीवरून करायचं, त्या आयडीवर व्हेरिफिकेशनची लिंक येते, ती क्लिक केली की पास लागतो. पासला मुदत असते, साधारण वर्षभर, मग परत तीच व्हेरिफिकेशनची पायरी करावी लागते. मुदत संपली की एके दिवशी अचानक पेवॉल दिसते आणि आपल्याला वाटतं लायब्ररीने बंद केलं, तर तसं नसतं, पुन्हा लायब्ररीच्या लिंकवरून जाऊन चालू करायचं. अजून एक, न्यूयॉर्क टाइम्सचं आधीच स्वतःच्या पैशाने घेतलेलं सबस्क्रिप्शन चालू असेल तर त्याच अकाउंटवर संस्थेचा पास लागत नाही, आधी ते बंद करावं लागतं, आणि आयफोनवरून घेतलं असेल तर ते पेपरच्या साइटवरून बंद होत नाही, अ‍ॅपलच्या सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन करायचं. बऱ्याच संस्थांच्या पासमध्ये कोडी नि रेसिपीचा भाग येत नाही, फक्त बातम्या नि लेख येतात. माझं त्यावाचून काही अडलं नाही, पण कोणी फक्त क्रॉसवर्डसाठी धावत जाणार असेल तर आधी बघून घ्या.

आता तक्रार. एवढी चांगली वस्तू आणि तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता इतका खडबडीत का ठेवलाय हेच मला कळत नाही. लायब्ररीच्या पानावरच्या लिंकवर क्लिक केलं तर जुनं पान उघडायचं ज्यावर लिहिलेलं की ही लिंक आता वैध नाही. नवीन लिंक नोटीस बोर्डावरच्या कागदावर, कागदावर! म्हणजे क्यूआर कोडचा फोटो काढून घरी आलात तरच उपयोग. मग रजिस्ट्रेशन केलं तर व्हेरिफिकेशनचा मेलच येईना. स्पॅममध्ये बघितलं, प्रमोशन्समध्ये बघितलं, कुठेच नाही. पेपरच्या हेल्प डेस्कला लिहिलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर, तुमच्या संस्थेशी संपर्क साधा, आणि संस्थेच्या आयटीवाल्यांचं ठरलेलं उत्तर, पेपरवाल्यांना विचारा. विद्यार्थ्याने मधल्या मध्ये किती चकरा मारायच्या?

सुटलं ते लायब्ररीतल्या मॅडममुळे. ई-रिसोर्सेसच्या टेबलावर बसतात, त्यांच्यासमोर मोबाइल धरला आणि म्हटलं, "मॅडम, मेल येतच नाहीये." त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. "अगं, यंदाच्या अ‍ॅडमिशनवाल्यांची यादी वर गेलीच नसेल अजून. तुझा आयडी सांग, मी आत्ता घालते." मग बाजूच्या मुलाला म्हणाल्या, "तुझं पण तेच असणार, थांब, दोघांचं एकदम करते." त्यांनी यादीत नाव घातलं, आणि परत रजिस्टर केल्याबरोबर मेल आला. म्हणजे बिघाड कुठे होता तर नवीन विद्यार्थ्यांच्या मेल आयडींची यादी वेळेवर अपडेट न होण्यात. हे एक काम ऑगस्टच्या आत झालं तर अर्धी मुलं काउंटरवर येणारच नाहीत. मॅडमना मात्र मनापासून धन्यवाद, त्यांच्यासारखं माणूस टेबलावर असेल तर सर्व्हिस कितीही किचकट असो, चालते.

घरून वापरायचं झालं तर अजून एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण इथेच सगळे अडकतात. अर्काइव्ह आणि इतर डेटाबेस आपल्याला नावाने ओळखत नाहीत, ते आयपी अ‍ॅड्रेसने ओळखतात. कॅम्पसच्या वायफायवर असलो की त्या कंपनीला दिसतं की हा ट्रॅफिक अमुक विद्यापीठातून येतोय आणि दार उघडतं, पासवर्डसुद्धा मागत नाही. तोच लॅपटॉप डोंबिवलीला घरी उघडला की आपण कोणीच नाही. म्हणून लायब्ररी प्रॉक्सी किंवा रिमोट अ‍ॅक्सेसचं पोर्टल देते, त्यातून गेलं की आपण कॅम्पसवरूनच आलोय असं त्या साइटला दिसतं, काही संस्थांत इन्फ्लिबनेटचं, म्हणजे विद्यापीठांच्या लायब्ररी जोडणाऱ्या सरकारी केंद्राचं, इन्फेड लॉगिन असतं, जिथे संस्थेचं नाव निवडून आपला आयडी-पासवर्ड टाकायचा. तर नियम एकच, घरून कधीही गूगलवरून थेट त्या साइटवर जाऊ नका, लायब्ररीच्या पोर्टलमधूनच आत शिरा. थेट गेलात तर ती साइट पैसेच मागणार, आणि त्यात तिची काही चूक नाही. आमचं पोर्टल फोनवर फार वाईट चालतं, हेही लिहून ठेवते. पान झूम करायला गेलं की सेशन संपतं आणि परत पहिल्यापासून लॉगिन, रात्री अकरा वाजता टिपणं काढत बसलेल्या माणसाची यात सहनशक्ती संपते. लॅपटॉपवर ठीक चालतं.

बरं, आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप करावा असं मला खरंच वाटतं ते, अर्काइव्ह. आजची बातमी काय, कुठेही मिळते, इकडून नाहीतर तिकडून. पण प्रोक्वेस्ट नावाच्या कंपनीच्या हिस्टॉरिकल न्यूजपेपर्स या डेटाबेसमध्ये टाइम्स ऑफ इंडिया १८३८ पासून आहे, म्हणजे तेव्हा तो टाइम्स ऑफ इंडिया नव्हताच, ३ नोव्हेंबर १८३८ ला बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स नावाने निघाला, आठवड्यातून दोनदा, बुधवारी नि शनिवारी, रोजचा झाला १८५० ला आणि आजचं नाव १८६१ ला आलं. आपण शाळेत दर्पण १८३२ चं एवढं पाठ करतो, त्याच्या सहाच वर्षांनी निघालेला हा पेपर मुंबईत बसून पानापानाने वाचता येतो हे मला अजूनही भारी वाटतं. माझी एक मैत्रीण १८९६ च्या प्लेगवर काम करतेय, मांडवीत पहिले पेशंट सापडले तिथपासूनचे अंक ती तारीखवार लावून वाचतेय, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे बातमीपेक्षा वाचकांची पत्रं जास्त बोलतात.

माझ्या कामाचं सांगते. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे सगळे तीच तारीख टाकून शोधतात. पण ठिणगी त्याआधीची आहे, १९८१ च्या दिवाळीला बोनसवरून, स्टँडर्ड मिलचे कामगार युनियनचे पुढारी दत्ता सामंत यांच्या घरी गेले तिथपासूनची. म्हणून मी सर्च ऑक्टोबर १९८१ पासून लावला आणि जानेवारीपर्यंतच्या बातम्या ओळीने वाचल्या, तेव्हा कुठे डोक्यात चित्र बसलं की संप एका दिवसात उभा राहिलेला नाही. हे पुस्तकातून कळतंच, पण रोजचा पेपर रोज वाचल्यासारखं वाचलं की त्या माणसांना पुढे काय होणार हे माहीत नव्हतं ही गोष्ट आतपर्यंत जाते. माझे आजोबा लालबागला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, त्यामुळे माझ्यासाठी हा विषय नुसता मार्कांचा नाहीये.

यात सगळ्यात कामाची सोय म्हणजे डॉक्युमेंट टाइपचं फिल्टर. नुसत्या बातम्या, नुसते अग्रलेख, नुसती वाचकांची पत्रं, नुसत्या जाहिराती असं वेगळं काढता येतं. आणि बातमीचं कात्रण उघडलं तरी तिथे थांबू नका, अख्ख्या पानाचा पर्याय असतो तो दाबा. कात्रणात फक्त बोलणी फिसकटल्याची बातमी दिसते, पानावर कळतं की ती बातमी वर छापलीय की खाली कोपऱ्यात, तिच्या शेजारी काय आहे, सिनेमाच्या जाहिराती किती जागा खातायत, नोकरीच्या जाहिरातीत काय मागितलंय. त्या शहरात त्या दिवशी काय मोठं समजलं जात होतं ते पानाच्या मांडणीवरून कळतं. माझ्या गाइड सरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "पान वाच, बातमी नंतर." लाख बोलले.

सर्च मात्र डोळे झाकून वापरण्यासारखा नाही. ही पानं मायक्रोफिल्मवरून स्कॅन केलेली आहेत आणि अक्षरं मशीनने ओळखलेली आहेत, त्यामुळे शाई पसरली असेल, घडी पडली असेल तिथे शब्दांचा चुरा होतो आणि बातमी असूनही सर्चमध्ये येत नाही. जुन्या अंकांत परळ, लालबाग, भायखळा यांची स्पेलिंगं पण ठिकाणावर नसतात. म्हणून एकाच शब्दावर विसंबायचं नाही, दोनतीन स्पेलिंगं टाकायची, आणि महत्त्वाची तारीख असेल तर सर्च सोडून त्या दिवसाचा अंक पहिल्या पानापासून चाळायचा. वेळ जातो, पण सापडतं. मला एका मिलच्या गेटवरच्या सभेची बातमी अशीच चाळताना मिळाली, सर्चने ती कधीच दाखवली नसती.

मार्क द्यायचे तर अर्काइव्हला पैकीच्या पैकी, ग्रुप पासला फर्स्ट क्लास, आणि लॉगिनच्या व्यवस्थेला काठावर पास. प्रेसरीडर ठीक आहे, लायब्ररीच्या वायफायवर अंक डाउनलोड करून घेतला की नंतर नेट नसलं तरी वाचता येतो, पण मागचे अंक फार जुने मिळत नाहीत, त्यामुळे अभ्यासाला उपयोग कमी.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते. या सगळ्यात मराठी पेपर कुठाय? गिरणी संपावर काम करायचं, संप केला मराठी माणसांनी, सभा मराठीत, पत्रकं मराठीत, चाळीच्या जिन्यावर वाचला जायचा तो मराठी पेपर, आणि लायब्ररीच्या लॉगिनमधून माझ्या हाती येतो तो इंग्रजी पेपर, जो गिरणगावात फार कमी घरांत जायचा. इंग्रजी बातमी खोटी असते असं मी म्हणत नाही, तिच्यात आकडे असतात, मालकांची बाजू, सरकारची बाजू, राष्ट्रीय मिल मजदूर संघाचं, म्हणजे मान्यताप्राप्त युनियनचं, म्हणणं, सगळं असतं. पण बदली कामगाराच्या, म्हणजे कायम नसलेल्या कामगाराच्या, घरी त्या महिन्यात चूल कशी पेटली हे वाचायचं तर मराठी अंक हवेत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ ला काढलेला नवाकाळ गिरणगावात वाचला जायचा, लोकसत्ता १९४८ पासून आहे, महाराष्ट्र टाइम्स १९६२ पासून. यांचे ८२ चे अंक शब्द टाकून शोधता येतील असा डेटाबेस आमच्या लायब्ररीच्या यादीत नाही. १८३८ चा इंग्रजी पेपर घरबसल्या वाचता येतो आणि चाळीसेक वर्षांपूर्वीचा मराठी पेपर वाचायला फायलींच्या मागे हिंडायचं, हे बरोबर नाही.

तोपर्यंत काय करायचं? कागदावरचं शोधायचं. दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं, त्यांच्या संदर्भ विभागात चौकशी करा. त्याआधीच्या काळावर काम असेल, म्हणजे ब्रिटिश काळावर, तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह न्यूजपेपर्स' बघायला मिळतात, सरकार देशी भाषांतल्या पेपरांवर नजर ठेवण्यासाठी त्यांतल्या मजकुराचा इंग्रजीत गोषवारा काढायचं ते. ते सरकारच्या डोळ्यांनी बघितलेलं असतं हे लक्षात ठेवून वाचायचं, पण आज जे मूळ अंक सापडत नाहीत त्यांचा थोडाफार अंदाज त्यातून येतो. लायब्ररीकडे माझी मागणी साधी आहे, पुढच्या वर्षी परदेशी पेपरच्या पासचं नूतनीकरण करताना एखाद्या मराठी पेपरच्या जुन्या अंकांचं डिजिटायझेशन आपल्या संस्थेने हाती घेता येईल का, निदान दहा वर्षांच्या अंकांचं, याचा विचार करावा. वाचणारे आहेत, आम्ही आहोत.

संलग्न कॉलेजांतल्या मुलांचा प्रश्न वेगळाच आहे. माझी शाळेतली मैत्रीण अशाच एका कॉलेजात एमए करते, डिग्री विद्यापीठाचीच मिळणार, पण तिला हे लॉगिन मिळत नाही. कारण असं की हे परवाने विद्यार्थीसंख्येवर विकले जातात, आणि संख्या धरतात ती कॅम्पसवरच्या विभागांची. सगळी संलग्न कॉलेजं धरली तर किंमत आभाळाला भिडेल. हे समजतं, तरी तिच्यावर अन्याय होतोच. यावर एक वाट आहे, बऱ्याच परवान्यांत वॉक-इन वापर चालतो, म्हणजे लायब्ररीत प्रत्यक्ष येऊन तिथल्या कॉम्प्युटरवर बसून कोणालाही वाचता येतं. तिने कॉलेजच्या ग्रंथपालांचं पत्र आणलं, एक दिवसाचा प्रवेश घेतला आणि तिला हवं ते पेनड्राइव्हवर घेऊन गेली. यायच्या आधी फोन करून विचारायचं मात्र, प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा.

काहीजण म्हणतात आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय ना, मग पेपर पण त्यात असेल. नाही. ती योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स, आणि ती सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे. त्यात शोधनियतकालिकं आहेत, रोजचे पेपर नाहीत. पेपरचा खर्च प्रत्येक लायब्ररी आपल्या बजेटमधूनच करते, आणि बजेटला कात्री लागते तेव्हा वापराचे आकडे बघितले जातात, किती जणांनी लॉगिन केलं, किती पानं उघडली. आपण वापरलं नाही तर पुढच्या वर्षी ते यादीतून जाईल आणि मग हळहळून उपयोग नाही.

शेवटचं वर्ष असलेल्यांनी एवढं कराच. मेल आयडी निकालानंतर किती दिवस चालू ठेवतात ते आत्ताच विचारून घ्या, कारण तो बंद झाला की पास, सेव्ह केलेले लेख, प्रोक्वेस्टमधलं लॉगिन, सगळं एकदम जातं. लागणारी पानं पीडीएफ करून तारीख नि पान क्रमांक घालून नाव देऊन ठेवा, नुसतं डाउनलोड (७) असं ठेवलंत तर संदर्भसूची करताना रडाल. आणि एकदम शेकडो पानं ओढू नका, कंपनीच्या सिस्टिमला ते कळतं आणि मग एकट्याचं नाही, अख्ख्या कॅम्पसचं दार काही काळ बंद करतात. थोडं थोडं रोज काढा, मे महिन्याची वाट बघू नका.